समुपदेशनातील मर्यादा : नियम आले कुठून आणि सातारा-सांगलीत ते अडतात कुठे

सांगलीतील किंवा साताऱ्यातील एखाद्या कौटुंबिक सल्ला केंद्रात पहिल्यांदा आलेली बाई आपली तक्रार सांगण्याआधी बहुधा समोरच्या समुपदेशक बाईंनाच प्रश्न विचारते : ‘मॅडम, तुमचं गाव कुठलं?’ गाव कळले की आडनाव विचारले जाते, आडनावावरून माहेर निघते आणि चौथ्या-पाचव्या प्रश्नाला दोघींच्या ओळखीचे कोणीतरी सापडतेच. हा प्रश्न केवळ आपुलकीचा नसतो. आपण इथे जे बोलू ते चुलतसासऱ्यांच्या कानावर जाईल की काय, याचा ती अंदाज घेत असते. सल्ला देणाऱ्याने घेणाऱ्याशी किती अंतर राखावे हे सांगणारे व्यावसायिक मर्यादांचे नियम ज्या महानगरांत लिहिले गेले, तिथे सल्ला देणारा आणि घेणारा एकमेकांना अनोळखी असणार हे धरूनच चालले होते. इथे ते पहिल्या पाच मिनिटांत खोटे ठरते.

उपचार करणाऱ्याने रुग्णाच्या घरातील कोणाशीही शरीरसंबंध ठेवू नये आणि तिथे कळलेले बाहेर बोलू नये, ही दोन्ही बंधने हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या प्राचीन ग्रीक शपथेतच आहेत. मात्र बोलणे हाच जिथे उपचार, तिथला पेच वेगळा असतो आणि तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात उभा राहिला. तिथले डॉक्टर योझेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात ज्या तरुणीवर उपचार केले, ती पुढे ‘ॲना ओ.’ या टोपणनावाने ओळखली गेली. ‘बोलण्याचा उपचार’ हे नाव तिचेच. मनातले सगळे ऐकून घेणाऱ्या माणसाविषयी रुग्णाच्या मनात प्रेम निर्माण होऊ शकते आणि ते उपचाराच्या परिस्थितीतून उपजलेले असते, त्याला आपल्या व्यक्तिमत्त्वाची मोहिनी समजू नये, असे मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१५ साली लिहिले. त्याआधीच झ्युरिकच्या बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात १९०४ साली दाखल झालेल्या सबीना श्पीलराइन आणि तिचे डॉक्टर कार्ल युंग यांच्यातील जवळीक उपचाराच्या चौकटीबाहेर गेली होती आणि ते प्रकरण पत्रांतून फ्रॉइडपर्यंत पोहोचलेही होते. गंमत अशी की, अंतर राखण्याचा उपदेश करणाऱ्या फ्रॉइड यांनी १९१८ पासून स्वतःच्या मुलीचे, ॲनाचे, मनोविश्लेषण केले. आजच्या कोणत्याही संहितेत ते बसणार नाही.

लेखी संहिता पुढे अमेरिकेत तयार झाल्या. तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली नीतिसंहिता १९५३ची. पण सल्ला घेणाऱ्याशी लैंगिक संबंध अनैतिक आहे, हे तिच्यात स्पष्ट शब्दांत यायला १९७७ साल उजाडले. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते १९७३ मध्ये म्हटले होते. या दोन वर्षांच्या मध्ये, १९७५ साली, न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका मनोविकारतज्ज्ञाविरुद्धचा खटला त्याच्या रुग्ण स्त्रीने जिंकला. शरीरसंबंध हा उपचाराचाच भाग आहे असे तिला भासवण्यात आले होते. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी कोणाला तरी इजा झाली, मग कोणीतरी न्यायालयात गेले आणि त्याच सुमारास नियम लिहिले गेले. पुढे १९९३ मध्ये गुटहाइल आणि गॅबार्ड या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी मर्यादा ओलांडणे आणि मर्यादेचा भंग करणे यांत फरक केला. रडणाऱ्या माणसाला पाण्याचा ग्लास देताना खांद्यावर क्षणभर हात ठेवणे हे ओलांडणे असू शकते, पण तो भंग नव्हे. भंगात सल्ला घेणाऱ्याचे शोषण किंवा नुकसान असते.

भारतात या अंतराच्या कल्पनेलाच आव्हान मिळाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली असा विचार मांडला की, इथल्या माणसाला तटस्थ, अबोल उपचारकर्त्यापेक्षा गुरु-शिष्याचे नाते अधिक जवळचे वाटते आणि त्याचा उपचारात उपयोग करता येईल. त्यात तथ्य आहे. समुपदेशकाला ‘ताई’ किंवा ‘सर’ म्हटल्याशिवाय आपल्याकडे बोलणे सुरूच होत नाही. पण गुरुपदाची दुसरी बाजू साताऱ्याला वेगळी सांगण्याची गरज नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी बुवाबाजीविरुद्धचे काम याच शहरातून उभे केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत अलौकिक शक्तीच्या जोरावर मूल होईल असे आश्वासन देऊन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा ठरवलेला आहे. त्याच वर्षी फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने स्त्रीच्या दृष्टीने विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानी असलेल्या पुरुषाने केलेला बलात्कार अधिक गंभीर मानला. बुवाची गादी काय किंवा समुपदेशकाची खुर्ची काय, अडलेल्या माणसाचा विश्वास दोन्हीकडे सारखाच उघडा पडलेला असतो.

गोपनीयतेचा इतिहास आणखी गुंतागुंतीचा आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९६९ साली एका भारतीय विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफ या तरुणीचा खून केला. तसा इरादा त्याने विद्यापीठाच्या मानसतज्ज्ञाजवळ आधीच बोलून दाखवला होता. मानसतज्ज्ञाने पोलिसांना कळवले, तिला मात्र कोणी सावध केले नाही. अशा वेळी धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी पावले उचलणे हे उपचारकर्त्याचे कर्तव्य आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले. आपल्याकडे हाच प्रश्न एचआयव्हीच्या रूपाने आला. एका रुग्णाचा संसर्ग रुग्णालयाकडून उघड झाल्याने त्याचे ठरलेले लग्न मोडले, तेव्हा १९९८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने वाग्दत्त वधूच्या जीविताचा हक्क वरचढ मानून रुग्णालयाला दोषी धरले नाही.

सांगली जिल्हा तेव्हा जास्त प्रादुर्भावाच्या जिल्ह्यांत गणला जात होता, त्यामुळे इथल्या तपासणी केंद्रांतील समुपदेशकांसाठी हा रोजच्या कामातला पेच होता. पुढे २०१७च्या एचआयव्ही कायद्याने त्याची पायऱ्या-पायऱ्यांनी सोडवणूक केली : आधी रुग्णाने स्वतः जोडीदाराला सांगावे यासाठी समुपदेशन करायचे, तो सांगणार नाही अशी खात्री पटली तर आपण सांगणार असल्याची त्याला पूर्वकल्पना द्यायची आणि मगच जोडीदाराला प्रत्यक्ष भेटीत सांगायचे. सांगितल्याने मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची वाजवी भीती असेल, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, तर सांगायचे नाही. याच जिल्ह्यात ‘संग्राम’ या संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम करताना त्याच वस्तीतील बायांना कार्यकर्त्या केले. तिथे सांगणारी आणि ऐकणारी शेजारीच राहतात. अंतर ठेवा म्हणणाऱ्या पाठ्यपुस्तकाने तिथे काय सांगावे?

दुहेरी नात्याबद्दल, म्हणजे समुपदेशक त्याच माणसाचा नातेवाईक किंवा हितसंबंधीही असण्याबद्दल, सर्वांत स्पष्ट भारतीय शब्द मला एखाद्या संघटनेच्या संहितेत नव्हे, तर कौटुंबिक हिंसाचारविषयक २००५च्या कायद्याखालील २००६च्या नियमांत सापडतात. वादाशी हितसंबंध असलेली किंवा कोणत्याही पक्षाची नातेवाईक असलेली व्यक्ती त्या प्रकरणात समुपदेशक होऊ शकत नाही. सर्व पक्षांनी लेखी हरकत सोडली तरच अपवाद. ज्याने प्रतिवादीच्या बाजूने काम पाहिले आहे, असा वकीलही चालत नाही. भावकीने भरलेल्या तालुक्यात हा नियम पाळणे म्हणजे प्रत्येक प्रकरणात आधी वंशावळ तपासण्यासारखे आहे, तरीही तो योग्यच आहे. भेटवस्तूंविषयी मात्र इतके स्पष्ट काही सांगता येत नाही. हंगामात तासगावहून आलेला शेतकरी द्राक्षांची पेटी टेबलावर ठेवून ‘बागेतलीच हायत’ म्हणतो, तेव्हा ती परत करणे हा अपमान ठरतो. काही ठिकाणी पेटी तिथेच फोडून बाकावर वाट पाहणाऱ्या सगळ्यांना द्राक्षे वाटली जातात.

समुपदेशकाची पाटी कोणी लावावी, हा प्रश्नही जुनाच. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची सोय १९९२च्या पुनर्वसन परिषद कायद्याने झाली, तर इतर समुपदेशकांचा समावेश २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करणाऱ्याला गाव-आडनावाच्या जाळ्यातून थोडी सुटका मिळते. ज्यांना समोरासमोरच बोलायचे असते, त्यांनी आपली वाट आधीच शोधलेली आहे : साताऱ्याची बाई कराडला जाते आणि कराडची साताऱ्याला येते.