प्रेझेंट परफेक्ट व त्याचा सराव
प्रेझेंट परफेक्ट : ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ हे सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप यांनी बनणारी इंग्रजी रचना. शालेय मराठीत तिला पूर्ण वर्तमानकाळ म्हणतात. तिला निव्वळ ‘काळ’ म्हणावे का, याविषयी एकमत नाही. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख (1947) यांच्या मांडणीनुसार येथे घटना आधी घडलेली असते, पण ती जेथून पाहिली जाते तो संदर्भबिंदू बोलण्याच्या क्षणीच असतो. भाषावैज्ञानिक बर्नार्ड कॉमरी (1976) यांनी परिणाम, अनुभव, चालू राहिलेली स्थिती आणि नुकतेच घडलेले असे चार उपयोग सांगितले. अध्यापनात हीच विभागणी जास्त सोयीची ठरते.

उगम : प्राचीन इंग्रजीत (सुमारे 1100 पर्यंत) ‘माझ्याजवळ तो मासा पकडलेला आहे’ अशा धर्तीची मालकीदर्शक रचना होती आणि धातुसाधित (म्हणजे क्रियापदाचे तिसरे रूप) कर्माप्रमाणे बदलू शकत असे. पुढे ते अविकारी झाले, क्रियापदाला चिकटले आणि मालकीचा अर्थ लोपला, असे परंपरेने सांगितले जाते. हा क्रम इतका सरळ नसावा. नवव्या शतकाच्या अखेरच्या, आल्फ्रेड राजाच्या काळातील गद्यातही अविकारी रूपे आढळतात. तेव्हा केवळ विकारावरून अर्थ ठरवणे धोक्याचे आहे. लॅटिनमध्ये याच घडणीची रचना असल्याने काही अभ्यासक, विशेषतः ब्रिजेट ड्रिंका, भाषासंपर्काला महत्त्व देतात. गॉथिक या जुन्या जर्मानिक (इंग्रजीच्याच कुळातील) भाषेच्या चौथ्या शतकातील बायबलात ‘हॅव’युक्त पूर्णकाळ नाही, ही बाब त्या मताला काहीशी अनुकूल आहे. तथापि बीज मूळचे जर्मानिक आणि संपर्काने फक्त त्याला गती दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. गतिवाचक व स्थित्यंतरवाचक क्रियापदे ‘हॅव’ऐवजी ‘बी’ घेत. 1611 च्या बायबलातील ‘ही इज रिझन’ (तो उठला आहे) हा त्याचा नमुना. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही पद्धत बरीचशी मागे पडली.

मराठीतही ‘मी आंबा खाल्ला आहे’, ‘मी पोळी खाल्ली आहे’ येथे धातुसाधित कर्माप्रमाणे बदलते. साम्य लक्षणीय असले, तरी त्यावरून नाते जोडता येत नाही. मराठीत येथे मालकीवाचक क्रियापदच नाही.

सराव : रूपे पाठ करून घेणे, गाळलेल्या जागा भरणे आणि भाषांतर या रूढ पद्धती. एन. एस. प्रभू यांच्या इंग्रजी अध्यापनाच्या बंगलोर प्रकल्पाने (1979–84) व्याकरणाच्या थेट सरावाऐवजी कृतींवर भर दिला. मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण रूपात नसून कालदर्शक शब्दांत आहे. ‘तो कालच आला आहे’ हे मराठीत निर्दोष. इंग्रजीत ‘यस्टरडे’ आला की साधा भूतकाळच घ्यावा लागतो. ‘मी दहा वर्षे इथे राहतो आहे’ यावरून ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’ हे वाक्य तयार होते आणि त्यात दोन चुका असतात : क्रियापद ‘हॅव बीन लिव्हिंग’ हवे, शिवाय ‘सिन्स’ आरंभबिंदूसाठी असून मुदतीसाठी ‘फॉर’ लागते. म्हणून केवळ ‘हॅव’ की ‘हॅज’ विचारणाऱ्या स्वाध्यायांचा उपयोग मर्यादित आहे. एकच वाक्य ‘काल’, ‘या आठवड्यात’ आणि ‘आजवर’ लावून तीनदा लिहायला सांगणे जास्त फलदायी ठरते.

‘गॉन’ आणि ‘बीन’ यांतील भेद मात्र मराठी भाषकाला लवकर उमगतो. ‘तो पुण्याला गेला आहे’ म्हणजे ‘हॅज गॉन’, तर ‘तो पुण्याला जाऊन आला आहे’ म्हणजे ‘हॅज बीन’. ‘जस्ट’ आणि ‘ऑलरेडी’ यांच्यासोबत अमेरिकन इंग्रजीत साधा भूतकाळही सर्रास चालतो, पण ब्रिटिश वळणाच्या पाठ्यपुस्तकांत तो सहसा चूक धरला जातो.