पार्श्वभूमी : लंडनच्या रस्त्यावर आलेली मताधिकाराची मागणी

स्त्रियांना मताधिकार मागणारा सुमारे दीड हजार सह्यांचा अर्ज १८६६ साली ब्रिटिश संसदेत गेला आणि पुढची चाळीस वर्षं अर्ज-विनंत्यांतच गेली. फेब्रुवारी १९०७मध्ये तीन हजारांवर बायका पावसाचिखलातून लंडनमध्ये चालल्या. प्रतिष्ठित घरांतल्या बायका भर रस्त्यात, हीच तेव्हा बातमी होती! मग फुटपाथवर खडूने सभेची वेळ लिहिणं, चौकात पेटीवर उभं राहून बोलणं हे नेहमीचं झालं. चळवळीचं साप्ताहिक विकणाऱ्या बायका फुटपाथच्या कडेला गटारीत उभ्या राहत, कारण फुटपाथवर थांबलं की रहदारीला अडथळ्याचा आरोप ठरलेला.

सगळं बिनसलं ते १८ नोव्हेंबर १९१० रोजी. मर्यादित मताधिकाराचं विधेयक बाजूला पडून संसद विसर्जित होणार, हे कळताच तीनशेच्या आसपास बायका लहान गटांनी संसदेकडे निघाल्या. एरवी चटकन अटक व्हायची. त्या दिवशी पोलिसांनी सहाएक तास त्यांना ढकललं, आपटलं, हात पिरगाळले, अंगचटीला जाऊन छळलं. बंदोबस्ताला या बायकांची सवय असलेले नेहमीचे शिपाई कमी आणि ईस्ट एंड या लंडनच्या पूर्वेकडच्या गरीब भागातून आणलेले जास्त. ११५ बायका आणि ४ पुरुष पकडले गेले. दुसऱ्या दिवशी बहुतेक खटले सरकारने मागे घेतले.

हा निर्णय उदारपणाचा होता का? ताबडतोब अटक करा असा आपला आदेश होता, तो वेळेत पोचला नाही, असं गृहमंत्र्यांचं म्हणणं. ते खरं मानलं तरी खटले चालले असते तर साक्षी झाल्या असत्या, आणि त्या टळल्या. चळवळीने शंभराहून अधिक जबान्या गोळा करून चौकशी मागितली. तीही नाकारली गेली.

काचा १९०८पासूनच फुटत होत्या, पण आता त्यामागे रोकडा हिशेब आला : दगड मारला की लगेच अटक होते, मार खावा लागत नाही. मार्च १९१२मध्ये वेस्ट एंड या लंडनच्या बाजारपेठेतल्या दुकानांवर हातोडे चालले. मवाळ गटाला हे पटलं नाही; त्या गटातल्या बायका १९१३च्या उन्हाळ्यात देशभरातून पायी लंडनला आल्या. त्याआधी, १९११मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने मताधिकारासाठी काढलेल्या स्त्रियांच्या मिरवणुकीत काही भारतीय स्त्रियाही चालल्या होत्या.

१९१८ साली मत मिळालं ते तिशी ओलांडलेल्यांना, तेही मालमत्तेच्या अटींसह. पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. मुंबई इलाख्यातल्या मालमत्ताधारक स्त्रियांना प्रांतिक मताधिकार त्याआधीच, १९२१मध्ये मिळाला होता.