उचकी

उचकी (आयुर्वेदात हिक्का) ही क्रिया घडते श्वासाच्या स्नायूंमध्ये, पण तिला चेतवतं बहुतेक वेळा पोट, त्यामुळे तिला पचनात धरायचं की श्वसनात हा प्रश्न जुनाच आहे. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा म्हणजे श्वासपटल, ते एकदम आकसतं, बरगड्यांमधले स्नायूही सोबत ओढले जातात, हवा आत शिरायला लागते आणि साधारण 35 मिलिसेकंदांत वर स्वरयंत्रातलं कंठद्वार फटकन बंद होतं. जो 'हिक्' आवाज येतो तो या बंद होण्याचा. श्वास घ्यायची सगळी तयारी करून ऐनवेळी दार लावून घ्यायचं असा हा प्रकार. बरेचदा पडद्याची डावी बाजूच जास्त ओढली जाते, आणि वेग मिनिटाला 4 पासून 60 पर्यंत कितीही असू शकतो.

निरोप पोचवणाऱ्या मुख्य नसा दोन, व्हेगस आणि फ्रेनिक. व्हेगस जठर-अन्ननलिकेची खबर मेंदूच्या खोडाकडे नेते, आणि फ्रेनिक मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून निघून हृदयाच्या बाजूने खाली श्वासपटलापर्यंत येते. या एवढ्या लांब वाटेवर कुठेही खट्टं झालं की उचकी लागू शकते, म्हणून भराभर जेवणं, सोडा, दारू या नेहमीच्या कारणांबरोबर किडनी निकामी होणं, मेंदूच्या खोडातला स्ट्रोक, डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स हीही कारणं यादीत असतात. 48 तासांवर टिकली तर चिवट आणि महिन्यावर गेली तर असाध्य, अशी डॉक्टरी वर्गवारी आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्न यांना 1922 मध्ये लागलेली उचकी 1990 मध्ये थांबली. ही टोकाची केस झाली, आपली जेवणानंतरची पाच-दहा मिनिटांत जाते.

खरा वाद आहे तो उचकी आली कुठून आणि कशासाठी, कारण खोकला घसा साफ करतो, शिंक नाक साफ करते, उचकी नक्की काय करते ते दिसत नाही. 2003 मध्ये स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ही बेडकाच्या पिल्लाकडून आलेली जुनी लय आहे. बेडूकमासा कल्ल्यांवरून पाणी ढकलताना पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून कंठद्वार मिटून घेतो, आणि त्याची ही लय कार्बन डायऑक्साइड वाढला की मंदावते, बॅक्लोफेन या औषधानेही दबते, अगदी आपल्या उचकीसारखीच. साम्य चांगलंच आहे, पण मधली कोट्यवधी वर्षं ती लय निव्वळ उरलेली म्हणून टिकली असं मानावं लागतं. 2012 मध्ये हॉवेस यांनी दुसरी बाजू मांडली: उचकी सस्तन प्राण्यांतच दिसते, तान्ह्या बाळांत जास्त, तेव्हा ती दूध पिताना गिळलेली हवा जठरातून वर काढायची युक्ती असावी. श्वासपटल खाली ओढलं गेलं आणि कंठद्वार बंद असलं की छातीत ओढ तयार होते, हवा अन्ननलिकेत येते, ढेकर निघतो आणि दुधाला जागा होते. हे मत जास्त पटण्याजोगं आहे, कारण त्यात उचकीचा उपयोग दिसतो, अडचण एवढीच की गर्भ पोटात असतानाही उचक्या देतो आणि तिथे गिळायला हवा नसते. गर्भाच्या उचकीवर 2019 मधलं लंडनचं काम सुचवतं की ती श्वासाच्या स्नायूंची मेंदूशी ओळख करून देत असावी, पण त्यात नवजात बाळं 13 च होती, म्हणून फार ताणू नये.

आयुर्वेदात चरकसंहितेत हिक्का आणि श्वास एकाच अध्यायात आहेत (उपचारांचा भाग म्हणजे चिकित्सास्थान, अध्याय 17), दोन्ही कफवातात्मक पण उगम पित्तस्थानात, म्हणजे पोटाशी असलेलं नातं तिथेही मान्य आहे. सुश्रुतसंहितेत मात्र उत्तरतंत्रात लागोपाठचे दोन वेगळे अध्याय. चरकाने दिलेले पाच प्रकार महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. अन्नजा म्हणजे घाईघाईत खाण्यापिण्याने लागणारी, आपली रोजची. चिकित्सास्थानातले एकूण 17 अध्याय नंतरच्या काळातल्या दृढबल या वैद्याने पूर्ण केले असं संहितेतच म्हटलंय, पण नेमके कोणते यावर अभ्यासकांत एकमत नाही. चरकसंहितेवर टीका लिहिणाऱ्या अकराव्या शतकातल्या चक्रपाणीने मूळ चरकाचे म्हणून जे 13 मोजले त्यात हा अध्याय बसत नाही, तेव्हा हा भाग दृढबलाचा असणं जास्त संभवतं, आणि दृढबलाचा काळ बहुधा चौथं-पाचवं शतक.

उपायांमध्ये श्वास रोखणं बऱ्यापैकी चालतं, त्याचं कारण वर आलंच, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. चमचाभर कोरडी साखर गिळणं हा घरगुती उपाय 1971 मध्ये 20 पेशंटवर करून पाहिला गेला आणि 19 जणांची उचकी थांबली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. वैद्य मोरपिसाची मषी, म्हणजे जाळून केलेली काळी पूड, मधातून देतात. हट्टी उचकीला क्लोरप्रोमाझिन, बॅक्लोफेन ही औषधं, डॉक्टरांच्या देखरेखीतच, कारण क्लोरप्रोमाझिनने बीपी उतरतं. गुदद्वारातून बोटाने मालिश केल्यावर उचकी थांबल्याची केस फेस्मायर यांनी 1988 मध्ये छापली, व्हेगस नस चेतवायची ही वाट जरा आडवळणाचीच, आणि त्याबद्दल त्यांना 2006 चं इग नोबेल, म्हणजे हसवून विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस, मिळालं.