स्मार्ट बोर्ड आणि प्राचार्यांचं वेळापत्रक

अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यांना वर्षातून एकच मोकळा आठवडा मिळतो असं समजा. तो नव्या इंटरॅक्टिव्ह पॅनेलची, म्हणजे स्मार्ट बोर्डची, कोटेशनं मागवण्यात घालवावा, की आपल्याच प्राध्यापकांच्या शेजारी बाकावर बसून असलेलं पॅनेल वापरायला शिकण्यात? प्रश्न खोचक आहे, पण त्यावर मोजमाप झालेलं आहे. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये शाळाप्रमुखांच्या कामाविषयीचे आधीचे अभ्यास एकत्र तपासले. प्रमुखाच्या कुठल्या कामाचा मुलांच्या शिकण्याशी किती संबंध दिसतो, हे त्यांनी आकड्यात मांडलं. साधनसामग्री मिळवून ती योग्य जागी लावणं याला आकडा आला ०.३१. ध्येयं ठरवणं ०.४२, अध्यापनाचं नियोजन आणि देखरेख तेवढीच. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः उतरणं याला मात्र ०.८४.

हे आकडे वाचायचे कसे? जिथे ते काम जास्त होतं आणि जिथे कमी, अशा दोन गटांच्या सरासरीतलं अंतर गुणांच्या प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याच्या) पट्टीनं मोजलं की असा आकडा मिळतो. ०.८४ म्हणजे वरच्या गटातला अगदी मधला विद्यार्थी खालच्या गटातल्या शंभरांपैकी सुमारे ८० जणांच्या पुढे असतो. ०.३१ असेल तर सुमारे ६२ जणांच्या. हे अभ्यास मोजके होते, शाळांचे होते आणि त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. तरी क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे तो उलटा लागतो. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की आधी खरेदी होते, मग उद्घाटनाचा फोटो, आणि मग पॅनेलवर कव्हर चढतं. नागपूरच्या धुळीत आणि मे महिन्याच्या उन्हात कव्हर लागतंच म्हणा. ते काढायची जबाबदारी कुणाची, एवढंच ठरलेलं नसतं.

शाळेपेक्षा बी.एड. आणि डी.एल.एड. कॉलेजात ही गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण तिथे विद्यार्थी विषयाबरोबर शिकवण्याची रीतही उचलत असतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये मांडलं होतं की शालेय शिक्षण संपेपर्यंत मुलानं शिक्षकांसमोर साधारण १३,००० तास काढलेले असतात. शिक्षक कसा उभा राहतो, कुणाला प्रश्न विचारतो, फळ्याकडे कधी वळतो, हे सगळं तो न शिकवता शिकलेला असतो. या १३,००० तासांसमोर दोन वर्षांचं बी.एड. उभं असतं. त्यातही शिक्षक-प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनी आयसीटीची (माहिती आणि संवाद तंत्रज्ञानाची) चिकित्सक समज हा विषय अभ्यासक्रमात आणला आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून केलेला सराव, २० आठवड्यांची केली. पण आयसीटीचा तास म्हणजे मॅडम ‘विद्यार्थिकेंद्री अध्यापन’ या मथळ्याची पीपीटी वाचून दाखवतात आणि पन्नास छात्राध्यापक ती उतरवून घेतात, असा असेल तर तेरा हजार तासांत आणखी एकाची भर पडते. बेल्जियमच्या यो टोंडर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये, भावी शिक्षकांना तंत्रज्ञान वापरायला तयार करताना काय उपयोगी पडतं याची छाननी केली. त्यांच्या यादीत प्राध्यापकांनी स्वतःच्या तासात ते वापरून दाखवणं ठळकपणे येतं. यादीतल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टीही पैशांच्या नाहीत: मिळून पाठ आखणं, खऱ्या वर्गात करून पाहणं, त्यावर विचार करणं आणि अभिप्राय मिळणं.

विदर्भाला हे नवीन वाटू नये. नागपूरहून पाऊण-एकशे किलोमीटरवर वर्ध्याला २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला शिक्षण परिषद भरली होती. तिच्यातून झाकीर हुसेन समिती आणि पुढे हातकामातून शिकवणारी नई तालीम योजना आली. त्या योजनेत वर्गातलं तंत्रज्ञान म्हणजे टकळी. ती शाळेला पुरवून समितीनं हात झटकले नाहीत, शिक्षकाच्या प्रशिक्षणाचाही वेगळा विचार केला. शिक्षकाला स्वतः सूत कातता आलं पाहिजे, आणि कातताना त्यातून गणित, भूगोल, कापसाचं अर्थकारण काढता आलं पाहिजे, अशी अपेक्षा होती. याला तेव्हा समवाय म्हणत. ती योजना का टिकली नाही हा वेगळा विषय. पण साधन, आशय आणि शिकवण्याची रीत एकाच माणसाच्या हातात एकत्र यायला हवीत, हे तिथे ओळखलं गेलं होतं.

जवळपास हाच विचार २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातून मांडला. तो ‘टीपॅक’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये म्हटलं होतं की विषय येणं आणि शिकवता येणं यांच्या पलीकडे, ‘हा विषय कसा शिकवायचा’ याचं वेगळं ज्ञान असतं. मिश्रा आणि कोलर यांनी त्यात तंत्रज्ञान गुंफलं. नुसतं एक्सेल येणं हे कौशल्य झालं. सावलीचा धडा शिकवताना एक्सेल कुठे लागतं आणि कुठे नुसती काठी पुरते, हे कळणं म्हणजे टीपॅक.

सावलीचंच उदाहरण घेऊ. नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून दरवर्षी २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तेव्हा शाळांना सुट्या असतात. जुलैच्या मध्यात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. म्हणून २१ डिसेंबर बरा. हिवाळ्याचं ऊन असतं, शाळा चालू असतात. त्या दिवशी १२ वाजून १०-१२ मिनिटांनी, म्हणजे नागपूरच्या खऱ्या मध्यान्हीला, एक मीटरच्या काठीची सावली साधारण ९८ ते ९९ सेंटीमीटर पडते. जवळजवळ काठीएवढीच! त्याच दुपारी हैदराबादच्या एखाद्या वर्गानं सावली मोजली तर ती ८६ सेंटीमीटरच्या आसपास येईल. हैदराबाद नागपूरच्या जवळपास सरळ दक्षिणेला आहे, म्हणून मध्यान्हही दोन-तीन मिनिटांच्या फरकानं होते. दोन्ही सावल्यांवरून सूर्याच्या दोन कोनांतला फरक निघतो, सुमारे पावणेचार अंश. अंतर ४२० किलोमीटर धरा. पावणेचार अंशांना ४२०, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४० हजार किलोमीटर, पृथ्वीचा परीघ. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसनं दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी याच मार्गानं तो काढला होता.

या धड्यात काठी आणि टेप मुलांच्या हातात हवी. तिथे ॲनिमेशन आणलं की मोजण्यातली गंमत जाते. तंत्रज्ञान लागतं ते हैदराबादच्या वर्गाशी बोलायला आणि तीस मुलांची मापं एका तक्त्यात भरायला. त्या तक्त्यात खरा धडा दडलेला आहे: एका सावलीत एक सेंटीमीटर चुकलं तर परिघाचं उत्तर तीनेक हजार किलोमीटरनं हलतं. मग तीस मापांची सरासरी का घ्यायची, हे सांगावं लागत नाही. भावी शिक्षकानं हा पाठ स्वतः एकदा उन्हात उभं राहून केला असेल तरच त्याला ही जागा दिसेल.

आता प्राचार्यांच्या हातात काय आहे ते बघू. पैसा बहुधा नसतो. वेळापत्रक आणि पाठ निरीक्षणाचा तक्ता मात्र असतो, आणि मला विचाराल तर कॉलेजातली सगळ्यात ताकदीची दोन साधनं हीच. निरीक्षणाच्या तक्त्यात ‘शैक्षणिक साधनांचा वापर’ असा रकाना बहुतेक ठिकाणी असतो. त्याला गुण असतात म्हणून गरज नसलेली चित्रफीत पाठात घुसते. त्या जागी ‘या साधनाशिवाय पाठ अडला असता का?’ असा प्रश्न छापला तर पाठाची टाचणं बदलतील.

वेळापत्रकाचं काम जरा अवघड आहे. सूक्ष्म अध्यापन १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला सुरू झालं. छात्राध्यापकाचा छोटा पाठ व्हिडिओवर टिपायचा आणि त्यालाच दाखवायचा, ही कल्पना तिथे लवकरच रुजली. भारतात आपण चक्र घेतलं: ६ मिनिटं अध्यापन, ६ प्रत्याभरण (अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनरध्यापन, ६ पुन्हा प्रत्याभरण, एकूण ३६. कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता, म्हणून प्रत्याभरण मेथड मास्टरांच्या, म्हणजे त्या विषयाची अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या, आठवणीवर आणि सोबत्यांच्या ‘छान झाला’वर चालत राहिलं. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. अडतं ते ३६ मिनिटांवर, कारण तास ४० मिनिटांचा आणि यादीतली नावं पन्नास. जोडतासिका लावणं, आठ-आठचे गट पाडणं, आणि पहिल्या आठवड्यात स्वतःचा सहा मिनिटांचा पाठ रेकॉर्ड करून प्राध्यापकांसमोर लावणं हे प्राचार्यांनाच जमेल. प्रशासकीय कामातून वेळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे, आणि प्रभारी प्राचार्यांची तर दुप्पट खरी. सरकारच्या ‘दीक्षा’ पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स या कामाला पूरक ठरतात. पण कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आणि वर्गात बदललेली सवय यांत अंतर असतं, आणि ते बहुधा शेजारी बसून दाखवणारा सहकारीच भरून काढतो.

सराव शाळेत रेकॉर्डिंग करायचं तर आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची संमती हवी. म्हणून मोबाइल वर्गाच्या मागच्या भिंतीशी, रोख शिक्षकाकडे आणि फळ्याकडे, मुलांचे चेहरे चौकटीबाहेर. चित्रफीत कॉलेजच्या एकाच संगणकावर ठेवायची, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, आणि सत्र संपलं की पुसायची. या चार ओळींचं परिपत्रक आंतरवासिता सुरू होण्याआधीच मुख्याध्यापकांच्या हातात पडलेलं असावं.