टॅब्लेटवर तानपुरा नीट ऐकू यायला काय लागतं?

घरात जुना टॅब्लेट पडून असेल तर तो मोडीत काढू नका. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या ऑनलाइन वर्गांसाठी बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत टॅब्लेट आले आणि शाळा पुन्हा भरू लागल्यावर कपाटात गेले. त्यावर गेम अडखळत असतील, नवी ॲप चढत नसतील. पण गाणं वाजवायला जी ताकद लागते ती फारच थोडी असते. पंधरा-वीस हजारांचा खास म्युझिक प्लेअर घेण्याआधी हे यंत्र एकदा नीट वापरून पाहावं, असं माझं ठाम मत आहे. आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा टॅब्लेटच्या आधी, म्हणजे फाइलमध्ये, नाहीतर टॅब्लेटच्या नंतर, म्हणजे हेडफोनमध्ये. मधल्या यंत्रावर उगाच आळ येतो.

आपल्या भागाला हा प्रश्न जरा जास्त जवळचा आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. खाली धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई हनगल, गदगकडून आलेले भीमसेन जोशी. आणि मिरज-लोंढा रेल्वेच्या वरच्या टोकाला मिरज, जिथे तानपुरे घडतात. अभंग आणि वचनं एकाच घरात ऐकणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. एवढं गाणं भोवती असताना ते चिरक्या, चपट्या आवाजात ऐकायचं हे मला सहन होत नाही.

आवाजाचा दर्जा पारखायला महागडी उपकरणं नसली तरी चालतं. तानपुरा आणि तबला या दोघांचा आवाज ओळखीचा असला की पुरे.

तानपुऱ्याची तार घोडीवर एकाच बिंदूला टेकत नाही. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो, त्यावर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात. कंप पावणारी तार त्या उतारावर सतत टेकते आणि सुटते. यामुळे तारेची ऊर्जा खालच्या मूळ स्वरात अडकून न राहता वरच्या उपस्वरांकडे, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या स्वरांकडे जाते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला या घोडीचा अभ्यास केला होता. साधी तार जिथे छेडली जाते त्या जागी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटत नाही, असा नियम आहे. तानपुऱ्यात मात्र तोही ठणठणीत उमटतो. कुणी न छेडलेला गंधार खर्जाच्या तारेतून ऐकू येतो तो याच कुळातला, मूळ कंपनसंख्येच्या पाचपट. अशा उपस्वरांची रांग कित्येक हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांपर्यंत जाते. म्हणून तानपुरा नीट उमटला की बाकी बरंच काही नीट उमटलं असं धरायला हरकत नाही.

ही रांग आकड्यांत पकडायची कशी? माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो, तेही तरुणपणी. वय वाढेल तसं वरचं टोक खाली येतं. हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या कामातून सिद्ध झालेला सिद्धांत असं सांगतो की, आवाजातल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला त्याची नोंद घेतली, तर त्या नोंदींतून मूळ लहर पूर्णपणे परत बांधता येते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात, प्रत्येक नोंद १६ बिटची, डाव्या-उजव्या बाजूंची वेगवेगळी. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. नोंदींच्या मधला आवाज हरवतो आणि ऐकू येते ती पायऱ्यापायऱ्यांची लहर, ही समजूत सगळीकडे पसरलेली आहे आणि ती चूक आहे. टॅब्लेटमधून बाहेर पडणारी विद्युतलहर गाळणीतून येते आणि ती गुळगुळीतच असते.

बिटांची संख्या ठरवते ती सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटांना ९६. रात्री गाव झोपल्यावरही खोलीत ३० डेसिबलच्या आसपास गुणगुण असतेच. त्यामुळे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या महागड्या फाइल विकत घेण्यात मला अर्थ दिसत नाही. रेकॉर्डिंग करताना २४ बिट उपयोगी पडतात, पातळी ठरवायला मोकळीक मिळते. ऐकताना सीडीचा दर्जा पुरून उरतो.

आता बिघाडाच्या पहिल्या टोकाकडे येऊ. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळण्याचे दिवस आठवत असतील. शंभर-दोनशे गाणी, भजनं, नाट्यगीतं एका कार्डात. त्या बहुतेक फाइल सेकंदाला १२८ किलोबिटच्या, किंवा त्याहूनही खालच्या, एमपीथ्री असायच्या. सीडीच्या तुलनेत माहिती एक-अकरांश. हे शक्य होतं ते कानाच्या एका गुणधर्मामुळे. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या कंपनसंख्येचा लहान आवाज मेंदूपर्यंत पोचतच नाही, तो झाकला जातो. एमपीथ्री असे झाकले जाणारे आवाज हेरून त्यांच्यावर बिट खर्च करत नाही. कल्पना अतिशय सुंदर आहे आणि २५६ किंवा ३२० किलोबिटला ती इतकी चांगली चालते की फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही.

पण १२८ ला हात आखडता घ्यावा लागतो. बहुतेक वेळा १६,००० हर्ट्झच्या वरचं सगळं सरळ कापलं जातं. त्याहून वाईट म्हणजे तानपुऱ्याच्या चार तारांचे उपस्वर एकमेकांत मिसळून वर जातात, तिथे बिट पुरत नाहीत. एका क्षणी एक उपस्वर ठेवला जातो, पुढच्या क्षणी गाळला जातो. कानाला ते पाण्याखालून ऐकल्यासारखं, डुचमळणारं वाटतं.

तबल्याची गत वेगळी होते. एमपीथ्री आवाजाचे तुकडे करून काम करते आणि एक चौकट १,१५२ नोंदींची, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. शांततेनंतर ‘ना’ या बोलाची लख्ख थाप पडली की तिच्या हिशेबातली चूक त्या तुकड्यात मागेपुढे पसरते. थापेनंतरचा खरखराट कानाला कळत नाही, कारण मोठा आवाज आपल्यामागून येणारं शंभरेक मिलिसेकंद झाकू शकतो. थापेच्या आधीचं मात्र जेमतेम काही मिलिसेकंद झाकलं जातं. त्यामुळे थापेआधी एक पुसट ‘स्स’ येतो आणि बोलाची धार बोथट होते. एमपीथ्री बनवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे एन्कोडर, यासाठी छोट्या तुकड्यांची सोय वापरतात, पण त्यांना जास्त बिट लागतात आणि तेच तर शिल्लक नसतात.

एकदा गेलेला हा तपशील परत येत नाही. एमपीथ्रीचं फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या फाइलमध्ये, रूपांतर केलं तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो. फाइलच्या नावामागे फ्लॅक लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज आहे त्याचं चित्र, दाखवणाऱ्या ऑडेसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडा. १६,००० हर्ट्झला सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली तर फाइलच्या पोटात जुनी एमपीथ्री असण्याची दाट शक्यता.

खरं फ्लॅक २००१ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. त्यात माहिती गाळली जात नाही, फक्त घट्ट बांधली जाते. सीडीच्या दर्जाचं तासाभराचं गाणं एरवी ६३५ मेगाबाइट घेतं, फ्लॅकमध्ये ते साधारण साडेतीनशेवर येतं. टॅब्लेटच्या मेमरी कार्डावर १०० गिगाबाइट जागा मोकळी असेल तर पावणेतीनशे तासांच्या वर संगीत मावतं. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला नेटवर्क गेलं किंवा पावसात वीज गेली तरी गाणं थांबत नाही. टॅब्लेटची बॅटरी मोठी असते आणि तिला खाणारा खरा राक्षस म्हणजे स्क्रीन. विमान मोड लावून स्क्रीन बंद ठेवली की बॅटरी व्हिडिओच्या मानाने कितीतरी जास्त पुरते.

आता टॅब्लेटच्या पोटात. आकड्यांची विद्युतलहर करणारी छोटी चिप, तिला डॅक म्हणतात, आज स्वस्त यंत्रांतही कामाला पुरेशी असते. अँड्रॉइडमध्ये एक गोष्ट घडते: गाणं, नोटिफिकेशन, गेम यांचे आवाज एकत्र करण्यासाठी बरेच टॅब्लेट सगळं सेकंदाला ४८,००० नोंदींवर आणतात, सीडीचे ४४,१०० असले तरी. या रूपांतराची धास्ती शौकिनांमध्ये फार आहे. ते व्यवस्थित केलेलं असेल तर कानाला कळत नाही, असं मला वाटतं. तरी कुणाला एकही आकडा बदललेला नको असेल तर यूएसबीला बाहेरचा डॅक जोडावा आणि त्याच्याशी थेट बोलणारं प्लेअर ॲप वापरावं. अँड्रॉइड १४ पासून ती सोय खुद्द प्रणालीतच आली, पण जुन्या यंत्रांना तिचा उपयोग नाही. बऱ्याच नव्या टॅब्लेटना हेडफोनचं भोकच नसतं, तिथे तर टाइप-सीचा छोटा डॅक घ्यावाच लागतो. चार्जर लावून ऐकताना घूंऽ असा आवाज आला तर दोष डॅकचा समजू नका, चार्जर काढून पाहा.

हेडफोनला पुरेशी ताकद मिळेल का, हे कागदावर काढता येतं. समजा हेडफोनचा अवरोध ३२ ओहम आहे आणि एक मिलिवॅटला तो १०० डेसिबल देतो. टॅब्लेटने अर्धा व्होल्ट दिला तर व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे जवळपास ८ मिलिवॅट, आणि आवाज सुमारे १०९ डेसिबल. कानाला इजा होईल एवढा. म्हणजे घरगुती हेडफोनसाठी वेगळा अँप्लिफायर नको; ३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन असतील तरच विचार करा. आणि आकडा निघालाच आहे तर हेही ध्यानात असू द्या: जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास सुरक्षित मानते आणि ९० डेसिबलला फक्त ४.

टॅब्लेटच्या स्वतःच्या स्पीकरबद्दल लोक चटकन नाक मुरडतात, पण तिथे एक विलक्षण गोष्ट ऐकायला मिळते. पुरुषी पट्टीच्या तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो. एवढ्याशा स्पीकरला तो हलवताच येत नाही. तरी खर्ज ऐकू येतो! स्पीकरमधून २१०, २८०, ३५० हर्ट्झचे उपस्वर येतात, मेंदू त्यांच्यातलं समान अंतर ओळखतो आणि हवेत नसलेला ७० हर्ट्झचा स्वर आपल्या आत उभा करतो. भार आणि घुमारा मात्र मेंदूला उभा करता येत नाही, त्यासाठी हेडफोनच हवा. पैसे घालायचे तर तिथे घाला.

ब्लूटूथमध्ये आवाज पुन्हा एकदा आवळला जातो. सगळ्या उपकरणांत चालणारी एसबीसी पद्धत साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जाते, एलडॅक ही दुसरी पद्धत ९९० पर्यंत. चालताफिरता ऐकायला चांगली एसबीसीही चालते. विलंब ही वेगळी बाब. टॅब्लेटवरच्या तबल्याच्या ॲपबरोबर नुसतं गायचं असेल तर ठेका उशिरा आला तरी फरक पडत नाही, कारण तुम्ही ऐकलेल्या ठेक्यावरच गाता. पण त्याच टॅब्लेटवर आपला रियाज रेकॉर्डही करायचा असेल तर वायर लावा, नाहीतर गाणं आणि ठेका जागेवर बसणार नाहीत.

धारवाड आणि सांगली आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवर ज्यांचे कान तयार झाले, त्यांच्यापर्यंत जेमतेम साडेचार हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचत होता, कारण त्या पट्ट्यात केंद्रांमधलं अंतरच नऊ किलोहर्ट्झ असतं. त्यांना हेडफोनवर जवारीचा वरचा सगळा झंकार ऐकवा. मी अशा वडीलधाऱ्यांना गाणं मध्येच थांबवून ‘परत लाव’ म्हणताना पाहिलंय.

आपल्याकडचा खरा खजिना अजून कॅसेटमध्ये आहे: गावच्या पारावरची भजनं, गणेशोत्सवातल्या मैफली, आजोबांचं कीर्तन. साध्या कॅसेटवर हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर पन्नास-पंचावन्न डेसिबलच असतं, म्हणजे साधारण नऊ बिटांचं काम. ते फाइलमध्ये उतरवायला सीडीच्या दर्जाची फ्लॅक भरपूर झाली. मेहनत घ्यायची ती टेपवर. टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे कॅसेटची फीत वाचणारा भाग, स्पिरिटने पुसा. हेडशेजारचा छोटा स्क्रू कॅसेट चालू असतानाच केसभर फिरवून पाहा. हेडचा कोन फितीशी जुळला की दबलेला वरचा आवाज एकदम मोकळा होतो. प्रत्येक कॅसेटचा कोन वेगळा असू शकतो, म्हणून दर वेळी तानपुऱ्याकडे कान लावून तो जुळवा.

मग फाइलला नावं द्या. जुन्या एमपीथ्रीच्या माहितीत नावाला तीस अक्षरांची जागा, तीही रोमन धरून केलेली. फ्लॅकमधली माहिती युनिकोडमध्ये असते, त्यामुळे गायकाचं नाव देवनागरीत आणि कन्नड लिपीत, दोन्ही लिहिता येतं. राग, साथीदार, गाव, साल तिथेच भरा. टॅब्लेटच्या मोठ्या पडद्यावर ते चष्मा न लावता वाचता येतं, आणि दोन्ही लिप्या ओळखणाऱ्या प्लेअरमध्ये नात मराठीत शोधेल, शेजारी कन्नडमध्ये, तरी मैफल तीच सापडेल.