भारंगी परकी का वाटते

कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याला रंग आणि जाळ देणारी मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. त्यांच्या जहाजांतून मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि पुढे घाटावर आली. त्याआधी इथल्या कालवणात तिखटपणा असे तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. बटाटा-टोमॅटोही त्याच खंडातले. आज गडहिंग्लजच्या बाजारातल्या संकेश्वरी मिरचीला परकी म्हणणारा भेटणार नाही.

भारंगी या रानभाजीचे नेमके उलटे झाले. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत खोकला आणि दम्यावर तिचे मूळ सांगितले आहे, आणि तिचे झुडूप आपल्याच सह्याद्रीच्या उतारांवर वाढते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या घरांत पावसाळ्यात तिची भाजी होते. शहरात मात्र पुष्कळांना ती ओळखूही येत नाही. नदीकाठी ऊस पसरला, शेताबांधाच्या कितीतरी पालेभाज्या तणनाशकाने गेल्या. भारंगी डोंगरावर टिकली, पण मंडईला वर्षभर मिळणारा, दोन दिवस टिकणारा माल लागतो. हिचा हंगाम तोकडा आणि कोवळा पाला दुसऱ्या दिवशी मान टाकतो. शिवाय आखाडात कणगी रिकामी झाली की खायची भाजी, असा शिक्का रानभाज्यांवर बसला, तो आमच्या मते सर्वांत जास्त नडला. कृषी विभागाने २०२० पासून ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव सुरू केले, तेव्हा कुठे शहरातली गिऱ्हाइके पुन्हा विचारू लागली.

पहिल्यांदा करताना भाजी स्वतः तोडू नये, विकणाऱ्या मावशींकडूनच घ्यावी. पाने लांबट, कडेला दातेरी, एका पेरावर दोन किंवा तीन. फक्त शेंड्याची कोवळी घ्यायची. चौघांसाठी पाव किलो पाला लागतो. शिजून तो वाटीभरच उरतो. बारीक चिरून उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवावा, पाणी ओतून द्यावे आणि पाला घट्ट पिळावा. कडूपणा या पाण्यातच उतरतो. पिळताना हात आखडला तर भाजी कडू लागते आणि घरचे पुन्हा ताटात घेत नाहीत. दोन पळ्या तेलात सात-आठ लसूण पाकळ्या, एक मोठा कांदा, दोन हिरव्या मिरच्या परतून तासभर भिजवलेली अर्धी वाटी मूगडाळ घालावी. पाण्याचा हबका मारून डाळ बोटाने दबेल इतकी शिजली की पाला, मग मीठ, शेवटी ओले खोबरे. मीठ आधी पाला बघून घातले तर हमखास खारट होते. कांदा-लसूण चटणी पहिल्या वेळी नकोच. तिच्या मसाल्यात भारंगीची मूळ चव कळत नाही.

निळसर फुले आली की पाने निबर होऊ लागतात. मग फुलांचीच भाजी करावी.