गोठवलेली स्ट्रिंग: एका वॉर्निंगमागची पार्श्वभूमी

ऐरोली, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या ज्या टीमकडे रुबी या प्रोग्रामिंग भाषेतलं जुनं ॲप्लिकेशन आहे, त्यांनी भाषेच्या ३.४ आवृत्तीवर जाऊन डेप्रिकेशन वॉर्निंग (पुढे बंद होणाऱ्या गोष्टींबद्दलच्या सूचना) चालू केल्या की लॉगमध्ये एक नवी तक्रार दिसू लागते: ही लिटरल स्ट्रिंग (कोडमध्ये थेट अवतरणात लिहिलेला मजकूर) पुढे फ्रोझन, म्हणजे न बदलता येणारी, होणार आहे. ही आवृत्ती डिसेंबर २०२४ ची. वॉर्निंगमागचा वाद त्याहून ११ वर्षं जुना.

आधीचा इतिहास थोडक्यात. सी भाषेत स्ट्रिंग म्हणजे मेमरीतला अक्षरांचा पट्टा, हवा तिथे बदला. मात्र कोडमध्ये अवतरणात लिहिलेली स्ट्रिंग बदलली तर काय होईल याची हमी १९८९ च्या प्रमाणकाने दिली नाही. बरेच कंपायलर तिला फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत ठेवतात आणि तिथे लिहायला गेलं की प्रोग्राम कोसळतो.

१९९६ मध्ये जावाने उलटं टोक पकडलं: एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलतच नाही. कारण सुरक्षेचं होतं. फाइलचा पाथ तपासला, परवानगी दिली आणि फाइल उघडायच्या आत दुसऱ्या थ्रेडने (त्याच प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या भागाने) तोच पाथ बदलला, तर तपासणीला अर्थ उरत नाही. शिवाय हॅश (मजकुरावरून काढलेला, झटपट शोधासाठीचा आकडा) एकदाच काढून जपून ठेवता येतो. किंमत जोडणीत मोजावी लागली. १०० अक्षरांच्या १०,००० ओळी लूपमध्ये अधिक चिन्हाने जोडत गेलात तर निकाल १० लाख अक्षरांचा, पण कॉपी होतात सुमारे ५०० कोटी अक्षरं, कारण दर वेळी आधीचं सगळं पुन्हा लिहिलं जातं. म्हणून जोडणीसाठी बदलता येणारे वेगळे प्रकार आले: आधी स्ट्रिंगबफर आणि २००४ मध्ये थ्रेडसाठीचं लॉक नसलेला स्ट्रिंगबिल्डर. त्याची जागा सुरुवातीला १६ अक्षरांची, कमी पडली की दुपटीने वाढणारी. अंतिम आकार ठाऊक असेल तर तो आधीच द्यावा.

रुबीने मात्र स्ट्रिंग बदलती ठेवली, आणि गोंधळ सुरू होतो तो शब्दांपासून. कॉन्स्टंट, फायनल, फ्रोझन, इम्युटेबल हे चारही शब्द बोलताना एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिले दोन नावाबद्दल आहेत, पुढचे दोन वस्तूबद्दल. सोसायटीच्या बोर्डावर फ्लॅट नंबरपुढचं नाव बदलणं वेगळं आणि फ्लॅटमधली भिंत पाडणं वेगळं. रुबीत व्हेरिएबलची नावं देवनागरीतही चालतात, म्हणून उदाहरण जसंच्या तसं चालवून बघता येईल:

स्थानक = "ठाणे"
पाटी = स्थानक
पाटी << " पश्चिम"

तिसऱ्या ओळीतलं << त्याच स्ट्रिंगच्या शेवटी मजकूर जोडतं, म्हणून आता स्थानक या व्हेरिएबलमध्येही "ठाणे पश्चिम" आहे. नावं दोन, वस्तू एक. तिसऱ्या ओळीत << ऐवजी += लिहिलं असतं तर नवी स्ट्रिंग बनली असती आणि स्थानक जसंच्या तसं राहिलं असतं. स्थानक कॉन्स्टंट असतं तरी << ने ते बिघडलंच असतं, कारण कॉन्स्टंट फक्त बोर्डावरचं नाव जपतो. असा बग शोधणं जिकिरीचं, कारण चूक होते एका फाइलमध्ये आणि दिसते दुसऱ्याच स्क्रीनवर. रुबीतल्या हॅशची, म्हणजे की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांच्या संग्रहाची, की म्हणून स्ट्रिंग दिली तर रुबी तिची प्रत काढून ती गोठवते. बदलत्या स्ट्रिंगवर भरवसा ठेवता येत नाही हे भाषेला तिथे मान्यच करावं लागलं आहे.

दुसरा खर्च मेमरीचा. लूपमधली अवतरणातली स्ट्रिंग दर फेरीत नवी ऑब्जेक्ट होते, जुन्या ६४ बिटी रुबीत प्रत्येकी ४० बाइटची. दहा लाख फेऱ्या म्हणजे दहा लाख ऑब्जेक्ट आणि त्यामागून गार्बेज कलेक्टरची (नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेची) धावपळ. २०१३ च्या २.१ मध्ये लिटरलला फ्रीझ जोडलं की एकच प्रत वापरली जाऊ लागली. परिणामी कोडभर फ्रीझ, फ्रीझ, फ्रीझ. वाचणाऱ्याचा जीव नकोसा झाला. त्यावर २०१५ च्या शेवटी २.३ मध्ये उतारा आला: फाइलच्या माथ्यावर एक कॉमेंट, आणि त्या फाइलमधल्या सगळ्या लिटरल गोठलेल्या. तेव्हाच ठरलं होतं की ३.० मध्ये हेच डिफॉल्ट होईल.

२०१९ मध्ये हा निर्णय मागे घेतला गेला. जुना कोड आणि असंख्य जेम (रुबीच्या तयार लायब्ररी) मोडतील, हे कारण. ते खोटं नव्हतं, पण त्याचं वजन जरा जास्तच धरलं गेलं. मधल्या चार वर्षांत काळजी घेणाऱ्या टीमनी कॉमेंट लावून घेतली होती, स्टाइल तपासणारी साधनं ती मागत होती. निर्णय फिरल्यामुळे ती ओळ प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कायमची बसली, आणि जिथे ती विसरली गेली तिथे वागणूक वेगळी. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन नियम, हे मोडण्यापेक्षा वाईट.

३.४ ने मधला मार्ग काढला: चिल्ड स्ट्रिंग. कॉमेंट नसलेल्या फाइलमधली लिटरल वरून साधी दिसते, फ्रोझन आहे का विचारलं तर नाही म्हणते, पण पहिल्यांदा बदलताना वॉर्निंग देते आणि मग नेहमीसारखी बदलते. हे पाऊल २०१९ मध्येच पडायला हवं होतं.

बदलत्या स्ट्रिंगच्या बाजूचा जुना युक्तिवाद जागच्या जागी बदलण्याच्या वेगाचा. एक अक्षर म्हणजे एक बाइट होता तोवर तो खरा होता. यूटीएफ-८ मध्ये "ठाणे" दिसायला दोन अक्षरं, लांबी विचारली तर ४, बाइट १२. ठ च्या जागी थ बसवला तर जागा तेवढीच लागते, पण एक काना काढला की त्यानंतरचा सगळा मजकूर ३ बाइट सुरुवातीकडे सरकवावा लागतो. मराठी मजकुरासाठी तो फायदा जवळपास उरतच नाही. लांब मजकूर शेवटी जोडत जाणं हा बदलत्या स्ट्रिंगचा खरा उपयोग, आणि तो गोठवलेल्या लिटरलमुळे बंद होत नाही.

अपग्रेड करताना आधी टेस्ट डेप्रिकेशन वॉर्निंगसह चालवा. ज्या ओळींवर तक्रार येईल तिथे << खरंच हवं आहे का ते पाहा; एकदाच जोडायचं असेल तर इंटरपोलेशन (अवतरणातच व्हेरिएबलची किंमत भरणं) पुरतं. कॉमेंट असूनही ३.० पासून इंटरपोलेशनने बनलेली स्ट्रिंग गोठत नाही, त्यामुळे तिथे उगाच प्रत काढू नका. लूपमध्ये जोडायचं असेल तर रिकाम्या अवतरणाआधी अधिक चिन्ह लावून, म्हणजे +"" लिहून, बदलती स्ट्रिंग घ्या. स्ट्रिंग क्लासवर नुसता न्यू बोलावलात तर मिळणारी रिकामी स्ट्रिंग बायनरी एन्कोडिंगची असते. +"" मध्ये फाइलचं, बहुधा यूटीएफ-८, एन्कोडिंग येतं. जेममधून येणाऱ्या वॉर्निंग वेगळ्या काढा: आधी जेमची नवी आवृत्ती बघा, मग स्वतःच्या कोडकडे वळा.